रत्नक्कांचा 'इल्ला'

ही गोष्ट मी कधी सांगितलीच नाही, असं म्हणायला मला तोंड नाही. गेली अकरा वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात आणि मेहुण्याकडच्या प्रत्येक गणपतीत मी ती सांगत आलोय. खरी मात्र एकदाही सांगितली नाही — बायकोलासुद्धा नाही.

आधी आमच्या घरात चालते ती ऐका. मी मूळचा बेळगावचा, बंगळूरकडे आनेकलजवळच्या एका रबराच्या कारखान्यात क्वालिटी बघायचो. कुकरच्या झाकणात बसते ना ती काळी रिंग, ती आम्ही बनवायचो. तपासणीच्या टेबलावर रत्नक्का नावाच्या बाई. माझ्या गोष्टीतल्या रत्नक्का डुलक्या घेतात, रिंगा पुढे सरकवतात आणि म्हणतात, "सरी, सरी!" कन्नडमधलं 'ठीक आहे, ठीक आहे'. मी मान हलवून दाखवतो, मानेबरोबर माझं पोटही हलतं, पोरं हसून लोळतात. शेवटी सगळा माल टेंपोतून परत येतो, मालक कपाळाला हात लावून विचारतात, "आता काय करायचं, अक्का?" — आणि अक्का म्हणतात, "सरी!"

इतकी चालली ही गोष्ट की आमच्या घरात न बघता 'हो' म्हणणाऱ्याला 'सरी अक्का' म्हणतात. मी भाजीवाल्याकडून किडकी वांगी घेऊन आलो की बायको मला तेच म्हणते.

आता खरी. थोडं थांबतो — इतकी वर्षं एक सांगायची सवय, दुसरी जिभेवर येत नाही.

रत्नक्का डुलकी घेत नसत. कधीच नाही. रिंग हातात घेऊन अंगठ्याने दाबायच्या, दुमडायच्या, कानाशी नेऊन सोडायच्या. कडकपणा मोजायचं यंत्र होतं आमच्याकडे. पण ते बिघडलं तर आम्ही ते अक्कांच्या अंगठ्यावरून जुळवून घेऊ, असं मालक म्हणत, आणि ते विनोद करणारे गृहस्थ नव्हते. अक्का शेरा कन्नडमध्ये लिहीत. कुकरच्या कंपन्यांना कागद इंग्रजीत लागे, म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांच्या कागदाची इंग्रजीत स्वच्छ प्रत करायचो आणि त्या खाली सही करायच्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. "नीवु बरेदिद्दीरल्ला, सर," म्हणायच्या — तुम्ही लिहिलंय ना, मग झालं.

आणि माझं काम? रोज सकाळी रबर भाजणाऱ्या प्रेसचं तापमान मोजून भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचं. किती सोपं! मी ते आणखी सोपं केलं होतं. सोमवारी कॉफी पिता पिता शनिवारपर्यंतचे सगळे आकडे भरून टाकायचो. ज्योतिषीच म्हणा.

त्या आठवड्यात प्रेस जास्त तापत होता. तक्त्यात अर्थातच नव्हता. गुरुवारी दुपारी अक्कांनी मला हाक मारली. "सर, स्वल्प नोडी." जरा बघा. हातात रिंग दिली. यंत्राचा काटा अगदी काठावर, पास म्हणावं तर पास. अक्कांनी रिंग दुमडून सोडली आणि मान हलवली. "सरी इल्ला." बरोबर नाही. मी म्हटलं, आकडा तर बसतोय, अक्का. त्या पुन्हा म्हणाल्या, "इल्ला, सर. आकडा बसेल, रिंग बसणार नाही."

नापास मालाचं लाल कार्ड लागलं असतं तर काय झालं असतं? प्रेस बंद झाला असता, माल अडला असता, मालक ओरडले असते — हे सगळं रोजचंच. पण कुणीतरी भिंतीकडेही बघितलं असतं. आणि भिंतीवर गुरुवारी दुपारीच शनिवार सकाळचं तापमान लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात.

संध्याकाळी मी स्वच्छ प्रत केली. अक्कांच्या शेऱ्यात दोन शब्द होते. मी पहिल्याचंच भाषांतर केलं. त्यांनी सही केली. त्यांचा मूळ कागद चार तुकडे होऊन माझ्या डब्याच्या पिशवीतून घरी आला.

माल परत आला तेव्हा मालकांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. मी तोवर तक्ता बदलला होता, हे वेगळं सांगायला नकोच. अक्का शांतपणे म्हणाल्या, मी नापास केला होता. मालकांनी कागद पुढे केला — सही त्यांचीच. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे वळल्या.

"सर, काय लिहिलंय इथे?"

मला वाचायला सांगितलं हो! त्या खोलीत त्यांच्या भरवशाचा मीच होतो.

मी वाचलं. "सरी."

मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. हळूच मलाच विचारलं, "मी इल्ला म्हटलं होतं ना, सर?" तो आरोप नव्हता — हेच तर खरं. त्या खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, "आठवत नाही, अक्का."

"मग माझंच चुकलं असेल," त्या म्हणाल्या.

त्यांना पॅकिंगला बसवलं. मी पुढे तीन वर्षं तिथे होतो, रोज त्यांच्या टेबलाजवळून जायचो. खोक्यात घालण्याआधी त्या अजूनही प्रत्येक रिंग दाबून बघत. पण मग शेजारच्या बाईपुढे धरून विचारत, "सरी ना?" ती बोलण्याच्या नादात मान हलवी, आणि अक्का रिंग आत टाकत. एकदा मी पाहिलं, ती रिंग चिरलेली होती. मी चालत राहिलो.

पहिल्याच दिवाळीत घरी कुणीतरी विचारलं, कारखान्यात काय विशेष? आणि मी ही गोष्ट सांगितली. हसू आलं सगळ्यांना, मलाही.

गेल्या रविवारी मुलगी मारतहळ्ळीहून जेवायला आली होती. तीही टेस्टिंगमध्ये आहे, सॉफ्टवेअरच्या. "बाबा, आमच्या टीममध्ये एक आहे ना, टोटल सरी अक्का!" सगळे हसले. नातू म्हणाला, "आजोबा, तो आवाज काढा ना."

मी काढला. मान हलवली, पोट हलवलं.

त्या इल्ला म्हणाल्या होत्या. दोनदा.