ताईचा कॉम्प्युटर आणि आमचं कमी आलेलं बिल

खरं तर यातलं काहीच मी सांगायचं नव्हतं. घरातल्या जवळजवळ प्रत्येकाने मला वेगवेगळं गाठून "कुणाला बोलू नकोस हं, मनू" असं बजावलं होतं. मी कमी बोलते, म्हणून सगळ्यांना वाटतं की माझ्याकडे ठेवलेली गोष्ट कुठे जात नाही. जात नाही हे खरं, पण साठत जाते. शेवटी सगळ्यांचं सगळं बाहेर पडलंच, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात ताईचा कॉम्प्युटर आहे. वागळे इस्टेटमधलं एक ऑफिस बंद झालं, तेव्हा बाबांनी तो तिथून स्वस्तात आणला. बाबा तिथेच एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत.

ताई त्याच्यावर खाडीतल्या एका बगळ्याची कार्टून फिल्म बनवत होती. ॲनिमेशनच्या कॉलेजला प्रवेश हवा तर अशी फिल्म द्यावी लागते. चित्रं तिने काढली, तरी ती हलती करायला कॉम्प्युटरला खूप वेळ लागतो. ताई सकाळी काम लावून, स्क्रीन बंद करून क्लासला जायची आणि कॉम्प्युटरचा टेबलाखालचा डबा संध्याकाळपर्यंत घरघरत राहायचा.

बाबा कामावरून आले की चपला काढायच्या आधी डब्यावर तळहात ठेवायचे, ताप बघतात तसा. "तापलाय. म्हणजे आज पण गिरणी दिवसभर चालू."

मग थंडीत लाइटबिल भरमसाट आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पुढचं बिल याच्याहून जास्त आलं तर हा डबा विकायचा." बाबा ओरडत नाहीत. हळू बोलतात, म्हणून कुणी वाद घालत नाही.

ताई त्या दिवशी जेवली नाही. किस्से तिथून सुरू झाले.

*

पहिले आजोबा. मोहने गावातल्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, थंडीतही पंखा पाचवर लागतो, आणि दुपारची मालिका चुकत नाही. ते अचानक रोज जेवण झालं की बिल्डिंगखालच्या बाकावर जाऊन बसायला लागले.

"खाली हवा चांगली असते," असं आईला सांगितलं. मला म्हणाले, "पंखा बंद, टीव्ही बंद. ताईला कळता कामा नये, नाहीतर तीच मला वर घेऊन येईल."

तीन-चार दिवसांत वॉचमनला त्यांची दया आली. त्याने स्वतःच्या डब्यातली चपाती पुढे केली आणि विचारलं, "बाबूजी, बहू ने निकाल दिया क्या?"

आजोबांनी चपाती खाल्ली, पण "नाही" म्हणायचं राहून गेलं.

संध्याकाळी आई भाजी घेऊन आली, तर जिन्यातल्या दोन बायकांनी तिला बघून तोंड फिरवलं.

*

आईचा फ्रीज. "थंडीत कशाला हवा?" असं तिने ठरवलं आणि दुपारचा बंद ठेवायला लागली. दूध नासलं. आम्ही पनीर खाल्लं. परत नासलं, परत पनीर. बाबा म्हणाले, "हल्ली फार चंगळ चाललीये."

मग आईने फ्रीजमधलं सगळं सामान गुपचूप तळमजल्यावरच्या भोईरकाकूंकडे हलवलं. काकू इथल्याच, बिल्डिंग त्यांच्याच जमिनीवर उभी आहे. मला फोडणीच्या आधी दोन जिने उतरून कढीपत्ता आणायला जावं लागायचं.

"फ्रीज बिगारला का गो तुमचा?" काकूंनी मला विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. मी हातातल्या कढीपत्त्याची पानं मोजायला लागले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, फ्रीजचा एक अख्खा कप्पा रिकामा केला आणि म्हणाल्या, "आईला सांग, मासं पन ठेव म्हनावं."

*

ताईचं मात्र हसण्यासारखं नाही.

एक दिवस आजोबा खालून पाणी प्यायला वर आले. स्क्रीन काळी होती आणि डबा घरघरत होता. त्यांना वाटलं, पोरगी बंद करायला विसरली. त्यांनी भिंतीवरचं बटणच बंद केलं. सकाळपासूनचं काम गेलं.

ताई आल्यावर ते अभिमानाने म्हणाले, "तुझी वीज वाचवली बघ."

ताई गॅलरीत गेली. आली तेव्हा डोळे धुतलेले होते. "बरं केलंत, आजोबा," म्हणाली.

आता तेच काम पुन्हा करायचं म्हणजे तेवढीच वीज परत लागणार. तिने मला शेजारी बसवून दाखवलं: पाण्यात बगळ्याचं प्रतिबिंब दिसत होतं, आणि कॉम्प्युटरला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागायचा. तिने ते काढून टाकलं. फिल्ममधलं तिचं सगळ्यात आवडतं तेच होतं.

"आजोबांना कधी सांगायचं नाही," ती म्हणाली.

*

आणि बिल आलं. इतकं कमी, की थोड्याच दिवसांत वीज कंपनीचे एक काका मीटर बघायला आले. खालची तपासणी करून ते वर आमच्याकडे आले.

"गावाला गेला होतात का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग मीटर स्लो असणार. काढून टेस्टिंगला नेतो. बिल दुरुस्त होऊन येईल."

दुरुस्त होऊन म्हणजे वाढून. ताईने कॉम्प्युटरच्या टेबलाची कड धरली.

आजोबाच आधी बोलले. "मी पंखा लावत नव्हतो. आणि टीव्ही." ताई वळून त्यांच्याकडे बघतच राहिली. मग आई म्हणाली, "फ्रीज बंद होता. सामान खाली भोईरांकडे आहे." मग ताई म्हणाली, मी काम कमी केलं, पण कुठलं आणि का ते तिने सांगितलं नाही.

काकांनी मान हलवली. "एवढ्याने इतका फरक पडत नाही. गीझर रोज असेल ना?"

"असतोच," आई म्हणाली. "यांची कंबर धरते. पहाटे कढत पाणी लागतं यांना."

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

मला अनोळखी माणसांसमोर बोलता येत नाही. वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नाही. पण ही एकच गोष्ट अशी होती की जी मला कुणी सांगितली नव्हती, मीच पाहिली होती. आणि "बोलू नकोस" असंही मला कुणी म्हटलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "बाबांनंतर माझी आंघोळ असते. महिनाभर आरशावर वाफच नव्हती."

आई वळून बाबांच्या कंबरेकडे बघायला लागली.

काकांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "साहेब, हे सगळं कशासाठी?"

"पोरीची फिल्म होतेय," बाबा म्हणाले. "मशीन मधेच बंद करून चालत नाही."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. "मीटर बरोबर आहे," म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

आई आत गेली. गीझरचं बटण दाबल्याचा आवाज आला.

"अगं, भर दुपारी?" बाबा म्हणाले. "बिल येईल."

"येऊ दे."

मग बाबांनी उठून टॉवेल खांद्यावर टाकला, ताईच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले की—

आले गं आई, एवढं लिहून होऊ दे, दोन मिनिटं. हो, आणते खालून काकूंकडून, कोथिंबीर ना?