फरशीच्या वर

वार्डाची हद्द आखायला तालुक्याहून आलेल्या साहेबाला गावकऱ्यांनी सरळ सांगितलं होतं, "फरशीच्या वरचं सगळं एका वार्डात हाय." साहेबाने 'वर' म्हणजे उत्तर असं धरलं. अरे बाबा, आमच्याकडे वर म्हणजे जिकडून पाणी येतं ती बाजू! आमचा ओढा पश्चिमेकडून येतो आणि फरशी पुलाखालून पुढे जातो. पुलाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या दोन्ही काठांवर, आमची बौद्धवस्ती. मला कळायला लागल्यापासून ती एकाच वार्डात होती. वस्तीत भांडणं झाली, सोयरिकी मोडल्या, पण वार्ड काही मोडला नाही. या साहेबाने ओढ्यालाच हद्द केलं आणि वस्तीची दोन शकलं पाडली.

आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते, कारण त्याच वर्षी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत माझी काकू उभी राहणार होती. ओढ्याला पाणी आलं की ठेंगणी फरशी बुडते आणि पलीकडची लेकरं अंगणवाडीत येऊ शकत नाहीत, म्हणून वस्तीतच एक छोटा पूल व्हावा, एवढाच तिचा हट्ट. मेंबर झाल्याशिवाय तिचं कुणी ऐकून घेत नव्हतं.

आम्ही हरकत घेतली. सुनावणीला मी परभणीहून शाळेत रजा टाकून गेलो. साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "सर, नकाशात वर म्हणजे उत्तरच."

काकू म्हणाली, "आमी नकाशात राहत न्हाई, साहेब."

तो हसला आणि हरकत फेटाळली. मला चुकीपेक्षा त्या हसण्याचा संताप आला. चूक कुणाचीही होते हो, पण कळल्यावरही ती शिक्का मारून आमच्या माथी मारायची, ही कुठली रीत?

काकू तिच्या, उत्तरेकडच्या काठावरून उभी राहिली. आमचं घर दक्षिणेच्या काठावर. आईला घरी सगळं समजावलं होतं, तरी मशीनसमोर गेल्यावर ती मोठ्याने म्हणालीच, "माझी जाऊ कामून न्हाई यात?" तिथल्या कर्मचाऱ्याने तिला गप्प केलं.

काकू पडली. तिची निम्मी माणसं दुसऱ्या वार्डात मतं देत होती. आता दोन्ही काठांना दोन मेंबर आहेत. पुलाचं विचारलं की दोघंही एकच सांगतात, "ओढा आमच्या हद्दीत येत न्हाई." आणि पाण्याच्या दिवसांत लेकरं काठावरूनच घरी परततात.