तीन वेळा ध्रुवपद

रेवदंड्याच्या स्टँडवर पनवेलची गाडी लागली तेव्हा बाबांनी सुतळीने बांधलेला पत्रकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला आणि ते खाली उतरले. आई खिडकीशी उभी राहिली. बाबा थांबले नाहीत. "मागं बघायचं न्हाय," एवढंच म्हणाले, आणि कंडक्टरने घंटी मारायच्या आत रस्ता ओलांडून सुपारीच्या वाडीच्या कुंपणालगत चालू लागले. पाठ ताठ. मी मागे बघितलं. त्यांनी नाही.

त्या पाठीवर मी सात वर्षं रागावलेली होते.

बाबा अलिबागच्या एका लहान छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. ऑफसेट छपाई आल्यावर कागद कापायला लागले. सभा, मोर्चा, जयंती, जे छापायला येईल त्याची खराब झालेली प्रुफं ते घरी आणत, आणि मी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गिरवत असे. शाळेतलं 'कमळ' वाचण्याआधी मी 'जाहीर निषेध' वाचला होता. आजही मला साधं पत्र लिहिताना तिसऱ्या ओळीत कुणाचा तरी निषेध करावासा वाटतो. पत्रकाबद्दल बाबांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "ज्याच्या हातात पडलं त्याचं झालं. परत मागायचं नसतं." पनवेलपर्यंत मी तेच घोकत बसले. मीही त्यांचं एक पत्रक होते. जुळवलं, छापलं, वाटून टाकलं.

माझ्यासारखे जे निघून गेले त्यांना हे माहीत आहे, पण तुम्ही जे आपल्या वस्तीत राहिलात त्या तुमच्यासाठी सांगते, इथे एकटेपणाला आवाज नसतो. जर्मनीतल्या या गावात मी एका प्रयोगशाळेत माती तपासते. रविवारी इथे भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या काच जमा करायच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्या खळखळतात. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी पहिल्याच महिन्यात जिन्यात थांबवून मला हे समजावून सांगितलं, नम्रपणे. सात वर्षांत आमचं तेवढंच काय ते लांब संभाषण. आपल्याकडे शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजून आई आपली डाळ उतरवायची. इथे भिंतीपलीकडे माणूस आहे की नाही हे मला पत्रपेटीवरच्या नावावरून कळतं.

गेल्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि जीभही. सगळ्या बोलण्यातून 'व्हय' आणि 'न्हाय' हे दोनच शब्द उरले, तेही कधी कधी एकमेकांच्या जागी येतात. बाबा वस्तीच्या गायनपार्टीचे मुख्य गायक, ते घरात खुर्चीवर बसून राहिले.

मग माझी चुलत बहीण सुजाता, अंगणवाडीत शिकवणारी, तिने ठरवलं की यंदा जयंतीला डीजे आणायचा नाही, वस्तीतल्या मुलींनी बाबांची गाणी गायची. पण बाबांच्या वहीत प्रत्येक गाण्याचा फक्त पहिला शब्द होता. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं जुळवणाऱ्या माणसाने स्वतःची एक ओळ छापली नव्हती. विचारलं की म्हणायचे, "आपलं गाणं तोंडात ऱ्हातं, कागदात न्हाय." आता ते तोंडातही राहिलं नव्हतं.

माझ्याकडे एक रेकॉर्डिंग होतं. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी विहाराच्या अंगणात बाबांच्या पार्टीने कार्यक्रम केला होता, तो मी माझ्याच मोबाइलवर घेतला होता, सतरंजीवर शेजारी ठेवून. सात वर्षांत मी तो पुरता ऐकला नव्हता. सुरू केला की ती पाठ आठवायची.

आता ऐकावाच लागला. दोन आठवडे मी हेडफोन लावून शब्द उतरवले. त्यातल्या एका गाण्याचं ध्रुवपद तेवढं मला लहानपणापासून पाठ होतं. 'हातातला दिवा हाती देत जा, गड्या, हाती देत जा.' शेवटच्या कडव्याआधी कोरस हे ध्रुवपद एकदा नाही, तीनदा म्हणत होता. मी तसं लिहिलं: 'इथे ध्रुवपद तीन वेळा.' वर सुजाताला एक लांबलचक संदेश पाठवला की ही पुनरावृत्ती मुद्दाम आहे, याने ताण वाढतो, लोककलेची ही ताकद पुस्तकी संगीताने मान्य करायला हवी, वगैरे. इथल्या ग्रंथालयात पक्ष्यांच्या आवाजाचंसुद्धा स्वरलेखन मिळतं. माझ्या वस्तीच्या गाण्याचं नाही. या गोष्टीचा मला राग आहे आणि तो मी सोडणार नाही. पण त्या संदेशात रागाबरोबर थोडी मिजासही होती.

मुलींनी तसंच बसवलं. मग सुजाताने पेटीचे सूर मागितले, कारण पेटी वाजवणारे आमचे काका आता नाहीत. मला पेटी येत नाही. मी एक लहान कीबोर्ड विकत घेतला आणि कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात गाण्याचा सूर तसाच ठेवून वेग कमी करता येतो. चार सेकंदांचा तुकडा निवडायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा, बोट एकेका पट्टीवर ठेवून बघायचं: हा? नाही. हा? सत्तर टक्क्यांवर पेटीच्या हरकती सुट्या होतात. निम्म्या वेगावर टाळी फुटून दोन टाळ्या होतात, आणि माणसाचा श्वास ऐकू येतो. त्याहून खाली गेलं की सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं.

ढोलकीचे बोल विचारायला मी दामूकाकांना फोन केला. त्या संध्याकाळची ढोलकी त्यांचीच. निम्म्या वेगातली त्यांना ऐकवली. ते म्हणाले, "ही ढोलकी हाय का कुणी भाकऱ्या थापतंय? मला हळू करायला मशीन कशाला गं, गुडघे हायत की."

एका रविवारी दुपारी मी त्या तीन ध्रुवपदांवर आले. निम्मा वेग, तुकडा फिरता. पहिल्या ध्रुवपदाला पेटीवर नेहमीचे सूर. दुसऱ्याला पेटी एकाच सुरावर थांबली होती. दामूकाकांनी सगळी कलाकुसर टाकून साधा ठेका धरला होता. आणि कोरसच्या मागून, माइकपासून लांब, आईचा आवाज. ती गात नव्हती. पुढच्या कडव्याची ओळ बाबांना सांगत होती: 'लेक शिकंल, लेक निघंल, उंबरा मागं ऱ्हाईल.' मग एक लांब खरखर. मी ती चार वेळा ऐकली. तो बाबांचा घसा होता. तिसऱ्या ध्रुवपदात आईने ओळ पुन्हा सांगितली. त्यानंतर बाबा उठले, म्हणजे त्यांचा आवाज उठला, आणि कडवं पूर्ण झालं: 'तिच्या हातचा दिवा आता दुसरं गाव पाहील.'

हे कडवं त्यांनी मी बालवाडीत असताना रचलं होतं. दर जयंतीला म्हणत आले होते. ते विसरणं शक्य नव्हतं.

त्या तुकड्यात आणखी एक आवाज होता, सगळ्यांत मोठा, मोबाइलच्या अगदी जवळचा. मी त्याला इतके दिवस गोंगाट समजून बाजूला सारत होते. निम्म्या वेगात तो जड, घोगरा झाला होता, तरी ओळखू आला. मी शेजारणीला सांगत होते की विमानात तेवीस किलोच्या वर सामान चालत नाही, म्हणून सुका जवळा काढून ठेवला, आणि हसत होते. तिन्ही ध्रुवपदं होईपर्यंत मी सामानाबद्दलच बोलत होते.

मी दामूकाकांना पुन्हा फोन केला. त्यांनी तो तुकडा पुरता ऐकला. मग म्हणाले, "तुला म्हायती न्हाय व्हय? गाणारा अडला की कोरसनं ध्रुवपद धरून ठेवायचं. तो हात वर करी पावतर सोडायचं न्हाय. पब्लिकला कळता कामा नये. त्या दिवशी तिसऱ्यांदा धरलं तवा मीच घाबरलो."

पब्लिकला कळलं नाही. मी पब्लिक होते. भाषणं करायला मी पुढे असायचे, पण कोरसमध्ये कधी बसले नव्हते.

स्टँडवरची पाठही मग मी हळू करून पाहिली, जमेल तशी, मनातल्या मनात. पाठीकडून काही ऐकू येत नाही. पण ते इतक्या घाईने का चालले होते, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आईला मी सांगितलं की माझी चूक झाली, ती पुनरावृत्ती गाण्यातली नाही, सुजाताला सांगून एकदाच करायला लावते. जयंतीला चार दिवस होते. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरींची बसलीय आता. आणि त्या कडव्याआधी दम लागतोच."

जयंतीच्या संध्याकाळी आईने विहाराच्या अंगणातून व्हिडिओ कॉल लावला. इथे दुपार होती, खिडकीबाहेर कोणी नव्हतं. बाबांची खुर्ची पुढच्या रांगेत ठेवली होती. आईचा हात हलत होता, त्यामुळे मला कधी मुली दिसत, कधी मंडपाचं कापड, कधी बाबांचा कान. गाणं शेवटच्या कडव्यापाशी आलं. ध्रुवपद एकदा. ध्रुवपद दुसऱ्यांदा. मोबाइल स्थिर झाला. तिसऱ्यांदा मुलींनी धरलं तेव्हा खुर्चीच्या हातावरून बाबांचा डावा हात उठला आणि वर राहिला.

मुलींना त्या खुणेचा अर्थ कुणी शिकवला नव्हता. पेटीशेजारी बसलेल्या दामूकाकांनी ती पाहिली. त्यांनी ठेका बदलला आणि सुजाताने कडवं उचललं.

वर्षभर बाबा अडलेले आहेत आणि वस्तीने त्यांचं ध्रुवपद धरून ठेवलं आहे. मला घर म्हटलं की आता तेच दिसतं, ती पाठ नाही. कॉलवर आई दोनदा म्हणाली, "बोल की गं, ऐकतायत ते." पण कडवं चालू होतं. ते संपेपर्यंत मी ऐकत राहिले.