डाव्या कुशीवर

आठव्या महिन्यात लेकीचं बीपी वाढलं म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारी डबा घेऊन गेले आणि वॉर्डच्या दारातच थबकले. सगळ्या गरोदर बायका डाव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून निजल्या होत्या. दाराकडे नुसत्या पाठी आणि वेण्या.

मी दाराच्या बाजूच्या स्टुलावर बसले. लेक वळली नाही.

"आई, पलीकडून ये ना. डाव्या कुशीवर राहिलं की बाळाला रक्त नीट पोचतं, सिस्टर म्हणाल्यात."

लहानपणी हीच मुलगी झोपेत अंथरुणभर फिरायची. पांघरूण एकीकडे, ही भलतीकडे. आता खांदा अवघडला होता, तरी हलत नव्हती. ज्याचं तोंडही अजून पाहिलं नाही, त्याच्यासाठी. शेजारच्या खाटेवरची बाई डोळे मिटूनच म्हणाली, "हललं बघा माझं आत्ता!" आणि साऱ्या पाठी हसल्या. औषधं होती, इंजेक्शनं होती, डॉक्टरांचं येणंजाणं होतं. आणि त्या सगळ्याच्या तळाशी हे निमूट पडून राहणं. मला तिथे मोठ्याने बोलवेना.

पुढच्या आठवड्यात सिझर झालं. लेक आणि नात, दोघी सुखरूप. सिस्टर म्हणाल्या, "आता झोपा हवं तसं."

दुपारी गेले, तेव्हा तिला परत त्याच वॉर्डात आणलं होतं. बाकीच्यांच्या पाठी तशाच दाराकडे. एकच चेहरा माझ्या बाजूला होता. टाके सांभाळत लेक उजव्या कुशीवर वळली होती, कारण पाळणा त्या बाजूला होता. मी समोर उभी होते, पण तिला दिसलेच नाही.