चहा पिईपर्यंत जाड झालेला शाफ्ट

आधीच सांगतो, भूतबित, अंगात येणं, उतारा... यातलं मला काहीही पटत नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगणारे नाहीतर मास्तरकी करणारे. लेथवर उभा राहिलेला मी पहिलाच. आणि तेव्हापासून माझा देव एकच – केसाचीही जाडी मापणारं मायक्रोमीटर. तो सांगेल ते खरं, बाकी गप्पा. हा किस्सा दुसऱ्या कुणी मला सांगितला असता तर मी हसून सोडून दिला असता.

नगरला (आता अहिल्यानगर, पण जिभेला सवय नगरची) नागापूर एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. एकच शेड – लेथ माझी, मिलिंग मशीन रफिकभाईंचं. ज्याचा पार्ट बाजारात मिळत नाही, मूळ कंपनीचा पत्ता नाही, असा माणूस दारोदार फिरून शेवटी आमच्याकडे येतो. त्याला हाताने एकच नग करून द्यायचा आणि तो बसला पाहिजे. माझा बसतो. रफिकभाईंना विचारा... ते नाही म्हणतील, पण ते नुसतं मला चिडवायला.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाथर्डीकडच्या एका गावातून मंगलताई आल्या. एका चौकडीच्या, पुरुषाच्या जुन्या शर्टात त्यांनी मोडका शाफ्ट गुंडाळून आणला होता.

"भाऊ, शेवयाचं मशीन हाय आमचं. काल मोडलं. बाया पिठाचे डबे घिऊन येत्यात अन्‌ माघारी जात्यात."

"मशीन कोण चालवतं?"

"मालक चालवायचे. दिवाळीत गेले ते. आता मीच." मग खाली बघून म्हणाल्या, "दीर म्हनतोय, इकून टाक, बाईमानसाचं काम न्हाई. शेजारच्या गावात दुसरं मशीन आलंय. एकदा बाया तिकडं गेल्या की मला खरंच इकावं लागंल."

मशीन जमिनीला बोल्टने जखडलेलं, म्हणून त्यांनी फक्त शाफ्ट आणलेला. गिअर ज्या टोकावर बसतो त्याच्या जवळच तो मोडला होता. टोक थोडं झिजलेलं होतं, पण मूळ माप पंचवीस मिलिमीटर हे बघताच कळत होतं. म्हटलं, ताई, बसा निवांत, करून देतो.

केला. शेवटचा बारीक फिनिश कट मारला, मापला – पंचवीस. आमच्याकडे एकाने केलेला जॉब दुसऱ्याने मापायचा अशी पद्धत आहे. रफिकभाईंनी मापला, पंचवीस. शेंड्यावर पंचने माझी खूण उठवली. जॉब कोमट होता, म्हणून म्हटलं चहा घेऊ, मग गिअर अडकवायच्या चावीची खाच मारू. तेवढ्यात मंगलताईंनी तो उचलून त्याच शर्टात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसल्या. आपली वस्तू म्हटल्यावर माणूस धरतोच.

चहा झाला. रफिकभाईंनी खाच मारायच्या आधी सवयीने पुन्हा माप घेतलं आणि माझ्याकडे बघायला लागले.

"पंडित, हे साडेपंचवीस आहे."

"झोपेत आहात का?"

"ये, तूच बघ."

साडेपंचवीस. माझं मायक्रोमीटर लावलं, त्यांचं लावलं, दोन्हीचं शून्य तपासलं. तेच. आणि जाड झाली होती फक्त गिअरची जागा. बाकी शाफ्ट होता तसाच. बदलला म्हणावं तर शेंड्यावर माझी खूण. आता ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो – लोखंड गार झालं की आकसतं. फुगत नाही. कधीच नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, खोटं कशाला बोलू.

लेथवर पुन्हा चढवून अर्धा मिलिमीटर काढता आला असता. पण पुरावा कोण खोडतं? मी हट्टाने दुसरा शाफ्ट करायला घेतला. तो होईपर्यंत रफिकभाईंनी त्या जाड शाफ्टलाही खाच मारून टाकली. म्हटलं, त्याला कशाला? तर म्हणाले, "हात चालू होता." मंगलताईंना शेवटची एसटी गाठायची होती. घाईत जाड शाफ्ट शर्टासकट त्यांच्याच पिशवीत गेला. दुसरा मी सकाळी स्वतः आणून बसवतो म्हटलं, कारण मला आता ते मशीन बघायचंच होतं.

सकाळी मोटरसायकलवर गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये मशीन, बाहेर डबे घेऊन चार-दोन बाया, आणि हाताची घडी घालून दीर. माझा पंचवीसचा शाफ्ट गिअरमध्ये घातला... खुळखुळा. गिअर त्याच्यावर नुसता डुगडुगत होता. दीर म्हणाला, "झालं का समाधान?" माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

गिअरच्या भोकात बोट घालून बघितलं, तर आत पत्र्याची झिजून-फाटून अर्धी उरलेली पट्टी चिकटलेली. तेलाच्या डब्याची, कडा कानशीने घासून साफ केलेल्या. भोक मोठं झालं होतं आणि कुणीतरी शाफ्टभोवती पत्रा गुंडाळून ते भरून काढलं होतं.

"हे कुणी केलं, ताई?"

"मालकांनी. मागल्या उन्हाळ्यात लई आवाज करत हुतं. म्हनले, पत्र्यावर एवढा सीझन निघंल, पुढच्या टायमाला नगरला जाऊन जाड करून आनतो." त्या थांबल्या. "काय जाड, ते मी इचारलं न्हाई. मला त्यातलं कुठं कळतं?"

मी म्हटलं, कालचा शाफ्ट द्या.

शर्टातून काढून दिला. पत्रा उपसला, भोक पुसलं, शाफ्ट अंगठ्याने रेटला. किंचित अडत, सरळ आत गेला. ना ढिला, ना घट्ट. मी भोक मापून केला असता तरी ह्याहून चांगला बसवू शकलो नसतो.

बटण दाबलं. मशीन गुरगुरलं आणि शेवया खाली उतरायला लागल्या. मंगलताईंनी पहिल्या शेवया दोन्ही तळव्यांवर झेलल्या. रडतील असं मला वाटलं. पण त्यांनी शर्टाची घडी घातली, तो मोटरवरच्या फळीवर ठेवला आणि पहिल्या बाईला म्हणाल्या, "आन तुजा डबा." दीर कधी निघून गेला ते मी बघितलंच नाही.

पंचवीसचा शाफ्ट मी परत आणला. तो आमच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलाय. रफिकभाई अधूनमधून विचारतात, "फुगला का रे?" मी मापतो. पंचवीसच आहे.

जे भोक मी पाहिलंच नव्हतं त्याचं माप माझ्या शाफ्टवर कसं आलं, मला माहीत नाही. कुणाला कळलं तर जरूर सांगा, पण मायक्रोमीटर चुकलं एवढं सांगू नका. नगरला जाऊन जाड करून आणतो म्हणाला होता तो माणूस. शाफ्ट जाड झाला. लेथवर हात माझा होता, एवढं मात्र मी कुणालाही ठणकावून सांगेन.