शेवटच्या पानावरचं गंध

आमच्या घरची पोथी मी स्वतः विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेऊन देल्ली. लांजीहून बसनं गोंदिया, तिथून रेल्वेनं. पूर्ण रस्ता पोथी मांडीवर होती. निघतानी बायको म्हणली, "घरात पोट्टे हिंदी शाळेतले, मराठी वाचत नाही, म्हणून पोथी देऊन राह्यले, की नाव मिरवाले?" नावासाठीच चाललो होतो. ही पोथी आमच्या पणज्यानं आपल्या हातानं लिहिली, असं मी जन्मभर गावात सांगत आलो. ते मले शिकलेल्या लोकाईच्या कागदावर पाह्यचं होतं.

तिथल्या बाईनं पयले मले हात धुवाले लावले. मंग पोथी मऊ उशीवर ठेवली अन् श्वास धरून एकेक पान उलटलं. आमच्या घरी पोथीले इतकं कोणी जपलं नसन, असं वाटून मले रागच आला.

"बाबा, लिहिणाऱ्याचं नाव बहुतेक शेवटच्या पानावर असतं," ती म्हणाली.

"माहीत आहे. तिथंच आहे."

शेवटचं पान निघालं. मधोमध पिवळा-तांबडा डाग. भोवती अक्षरं, मधात काहीच नाही.

"हे कशानं झालं?" तिनं विचारलं.

दर दसऱ्याले पोथी काढून पणज्याच्या नावावर ओलं गंध लावायचं, ही आमच्या घरची रीत. आज्यानं लावलं, बापानं लावलं, मी लावलं. पाणी लागून लागून शाई गेली. आम्हीच ते पुसलं. बाप जागा दाखवे, मी तिथं बोट टेकवो. ते नाव मी कधी वाचलंच नव्हतं.

"मी सांगतो ते नाव लिहा."

"दिसत नाही ते कसं लिहू, बाबा?"

"मी काय खोटं बोलून राह्यलो?"

"तसं नाही हो. आमच्याकडे एक कॅमेरा आहे. गेलेली शाई त्यात कधीकधी दिसते. गंधाला हातही लागणार नाही. पण जे नाव दिसेल तेच लिहावं लागेल. पुष्कळ घरांनी पोथ्या बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतल्या होत्या."

ती सरळ मनानं बोलली.

"नको," मी म्हणलो. "पूजेचं गंध आहे ते. त्याच्या आत डोकावायचं नाही."

पूजा हे निमित्त होतं. तिथं दुसऱ्याच कोणाचं नाव निघन, याचं मले भेव होतं.

तिनं वाद घातला नाही. कागदावर "लिहिणारा अज्ञात" असं लिहिलं अन् मले वाचून दाखवलं. मी चौथी शिकलेला माणूस, एकेक अक्षर जोडत सही केली. "मन बदललं तर फोन करा," म्हणून तिनं नंबर देल्ला.

त्याले दोन वर्षं झाली. नंबर भिंतीवर लिहून आहे, अजून लावला नाही. गावात कोणी पोथीचं विचारलं तर मी पणज्याचंच नाव सांगतो, पण आता विचारल्याशिवाय सांगत नाही.