दादांच्या पायाचा अंगठा

चालू मशीनवर तळहात ठेवून दादा डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ह्याला उद्या त्रास हाय." मशीन त्या वेळी व्यवस्थित चालत असायचं, बरं का! चाकणच्या आमच्या कंपनीत मी शिफ्ट सुपरवायझर, ते मेंटेनन्सचे फिटर. वयानं मोठे, म्हणून सगळे दादाच म्हणायचे.

रविवारी लाइन बंद असली की दादा धडधाकट मशीनांना ग्रीस भरत, बेअरिंग बदलत. कुणी म्हटलं, "अहो, चालतंय की!" तर चिडायचे. "चालतंय तवरच बघायचं असतं. बंद पडल्यावर कुणीबी बघंल."

आता हाच माणूस स्वतःच्या पायाशी कसा वागला, ऐका. दादांना गाउट होता. सकाळी उठावं तर अंगठा लालबुंद, चादरसुद्धा सोसवेना. सेफ्टी शूज पायात शिरेना आणि शूजशिवाय गेटमधून आत सोडत नाहीत. डॉक्टरबाईंनी सांगितलं, रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढून त्याचे खडे सांध्यात साठतात. दुखो न दुखो, गोळी रोज घ्यायची, वर्षानुवर्षं. दादांनी महिनाभर घेतली, पाय बरा झाला आणि गोळी बंद. "दुखतच न्हाई तर कशापायी खायाची?"

वर्षात चारदा खाडे झाले. वरून निरोप आला : पुन्हा असं झालं तर दादांना स्टोअरमध्ये बसवा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. "साहेब, आता मी काय हातमोजे वाटत बसू?" दादा मला म्हणाले. मला दया यायला हवी होती, आला राग. "दादा, मशीनला जे करता ते पायाला का करत नाही हो?"

त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय की."

वरच्या साहेबांच्या हातापाया पडून मी सहा महिने मागून घेतले. गोळी सुरू झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात अंगठा पुन्हा पेटला! मी घाबरलो. फोनवर म्हणालो, "सोडा ती गोळी, तिनंच घात केला." आजही लाज वाटते.

दादा कण्हत म्हणाले, "न्हाई साहेब. बाई बोलल्या व्हत्या, जुनं खडं इरघळताना आसं व्हतं. त्यासाठी दुसरी गोळी दिलीया. हिचा नेम मोडायचा न्हाई."

मोडला नाही. रक्त तपासायचं, बाई सांगतील तसा डोस वाढवायचा, रोज जेवणानंतर डब्याच्या झाकणातली गोळी घ्यायची. सहा महिन्यांत फक्त दोन दिवस खाडा झाला, स्टोअरचा विषय मिटला. शेवटचं अख्खं वर्ष पाय एकदाही दुखला नाही. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आधीच गाठी येऊन वाकली होती, ती तशीच राहिली. त्यांच्याकडे बघून म्हणायचे, "ह्यांना लई उशीर केला मी."

निवृत्तीच्या दिवशी आमच्याकडे माणसाला खांद्यावर घेऊन गेटपर्यंत नेतात. ढोल वाजला, गुलाल उडाला, पोरांनी दादांना उचललं.

"खाली ठेवा रं! मला चालू द्या."

पोरं बाजूला झाली. ढोलही थांबला. प्रेस शॉप, पेंट शॉप, कँटीन ओलांडून दादा सेफ्टी शूज घालून गेटपर्यंत चालत गेले, जराही न लंगडता. त्यांची पिशवी घेऊन मी मागून चाललो होतो आणि मला समोरचं काही धड दिसत नव्हतं.